सरकती काच

मी बनारसला दुर्गाघाटावरच्या घरी पोचले तेव्हा बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. धुक्यामुळे गाडी सहा तास उशिरा आली होती, पण तो उशीर काही खरा नव्हे. खरा उशीर त्याआधीचा, माझा. पहिली तार डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली होती, ‘बाबा आजारी, ये’ एवढीच. मी नागपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वर्षअखेरची पुस्तकमोजणी चालू होती. संक्रांतीच्या सुमारास येते, असं कार्ड मी टाकलं. दुसरी तार आली तेव्हा जानेवारीची पाच तारीख होती. साल १९८२.

आत्याने मला हातपाय धुऊ दिले, चहा दिला, आणि मग समोर बसून म्हणाली, “रडू नकोस. दादाचं सोनं झालं. रामनाम लिहीत गेला.”

“लिहीत?”

बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एवढं मला आतेभाऊ वेणीमाधवने गल्लीतून बॅग आणताना सांगितलं होतं.

“डाव्या हाताने. काचेवर. ही काय, अलमारीच्या,” आत्या म्हणाली. “सतरा दिवस. सकाळी तेल लावून झालं की जो हात काचेवर जायचा तो दुपारपर्यंत. मी विचारलं, दादा, राम लिहितोस ना? तर डोळ्यांतून घळाघळा पाणी.”

शरूआत्या बाबांची धाकटी बहीण. शरदिनी हे नाव फक्त रेशनकार्डावर उरलंय. नवरा गेल्यावर ती वेणीमाधवला घेऊन भावाकडे आली आणि आई गेल्यापासून घर तिनेच चालवलं. बाबा इंटर कॉलेजात रसायन शिकवत. ढुंढिराज हे तिथल्याच गणपतीचं नाव घेऊन काशीत जन्माला आलेला हा माणूस आयुष्यभर एकदाही त्या गणपतीच्या गल्लीत नारळ घेऊन गेला नव्हता. त्यामुळे आत्याच्या आवाजात दुःख होतं तसा विजयही होता.

“तुझ्या बापाने जन्मभर देवाला फॉर्म्युल्यात बसवलं,” ती म्हणाली. “शेवटी आला की नाही शरण?”

वेणीमाधव कोपऱ्यात मफलर सोडत होता. “आई, मामांनी हे ऐकलं असतं तर तुला आंतररेणवीय काय ते समजावत बसले असते. दोन घंटे गए.”

“तू गप्प. मुंडन झालंय तुझं, जरा तसा वाग.”

मुंडन त्याचं झालं होतं कारण अग्नी त्याने दिला होता. मुलगा नाही, मुलगी गावात नाही. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी बाबांच्या खोलीत, त्यांच्या पलंगावर झोपले. डाव्या हाताला भिंतीपाशी ती बुटकी अलमारी. कॉलेजच्या जुन्या प्रयोगशाळेतून निघालेली, शिसवी, समोर दोन सरकत्या काचा, एकीच्या मागे एक, मध्ये वीतभर एकमेकींवर चढलेल्या. आत पुस्तकं. पलंगाची पाटी आणि अलमारीची वरची कड एकाच उंचीला. मी डावा हात लांब केला. तळवा बरोबर काचेवर टेकला. काच इतकी थंड होती की मी हात ओढून घेतला.

मला ठाऊक होतं की ते राम लिहीत नव्हते. म्हणजे असं मला वाटत होतं. माझ्याकडे त्याला कारण होतं.

लहानपणी थंडीच्या दिवसांत आमचं एक टपाल चाले. न्हाणीघराच्या भिंतीत छोटा आरसा होता. बाबा आंघोळीला जाताना नाकाच्या कडेवरून बोट फिरवत आणि त्या तेलकट बोटाने आरशावर काहीतरी लिहून येत. कोरड्या आरशावर काही दिसत नसे. मग मी गरम पाण्याची बादली घेऊन आत जाई, वाफ धरे, आणि धुरकट आरशात अक्षरं उमटत. ‘सतरा गुणिले तेवीस?’ किंवा ‘काल दूध कुणी सांडलं?’ मी बोटाने खाली उत्तर लिहून ठेवी. दुसऱ्या दिवशी ते वाचत. आई म्हणे, बापलेकीने आरसा बरबाद केला.

मी आठवीत असताना त्यांनी त्यामागचं कारण सांगितलं. पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन. इलेक्ट्रॉन दोघांच्या वाटणीतले, पण ऑक्सिजनची ओढ जास्त, तो त्यांना आपल्याकडे घेऊन बसतो. त्यामुळे त्याच्या अंगाला थोडा ऋण भार, हायड्रोजनच्या अंगाला थोडा धन. रेणू वाकडा असल्यामुळे हे भार एकमेकांना पुसून टाकत नाहीत. मग एका रेणूचं धन अंग दुसऱ्याच्या ऋण अंगाला धरतं, दुसरा तिसऱ्याला. काचेच्या पृष्ठभागावरही अशी अंगं असतात, म्हणून पाणी स्वच्छ काचेला बिलगून पसरतं. तेलाचं तसं नाही. तिथे कार्बन आणि हायड्रोजन, दोघांची ओढ जवळपास सारखी, कुणीच कुणाचं काही हिसकावत नाही. तेलाला धरायला पाण्याला जागाच सापडत नाही. ते आपल्यापुरतं गोळा होऊन थेंबाथेंबाने बसतं. जिथे बोट फिरलं तिथे वाफ वेगळी बसते, आणि आपल्याला अक्षर दिसतं.

“म्हणजे पाणी तेलावर रागावतं?” मी विचारलं होतं.

“छे. पाणी पाण्यातच इतकं गुंतलेलं असतं की तेलाकडे बघायला त्याला फुरसत नाही.”

हे सगळं पुढे त्यांनी एका पुस्तकात लिहायला घेतलं. मराठीत, शाळेतल्या मुलांसाठी. ‘पाणी पाण्याला का धरतं’ हे प्रकरण त्यांनी दीड वर्षापूर्वी मला पाठवलं होतं, चव्वेचाळीस पानं, हिरव्या शाईत. सोबत चिठ्ठी: ‘भाषा तपास. माझं मराठी गंगेकाठचं, पुण्याच्या मुलांना हसू येईल.’ मी ‘वेळ मिळाला की बघते’ असं लिहिलं. त्यांनी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. मग पत्रंच विरळ झाली. भांडण असं झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. ती चव्वेचाळीस पानं मी पहिल्यांदा सलग वाचली ती बनारसच्या गाडीत, अंगाभोवती शाल घेऊन, दुसरी तार पर्समध्ये ठेवून.

तेव्हा वाचा गेलेल्या माणसाने तेल लावलेल्या बोटाने काचेवर लिहिलं असेल, तर ते कुणासाठी असेल हे मला विचारायची गरज नव्हती. जगात ती लिपी दोघांनाच येत होती. ती काच एकदा नीट वाचायला मिळावी, त्यांनी शेवटी मला काय लिहिलं ते कळावं, मग रागाचं असलं तरी चालेल, एवढंच मला त्या घरात हवं होतं.

पण आत्या खोलीतून हलत नव्हती. बाबांना शेवटी जमिनीवर घेतलं त्या जागी दिवा होता आणि तो विझू नये म्हणून ती तिथेच बसे, तिथेच लवंडे. शिवाय मला भीती होती की काचेवर काही उरलंच नसेल.

“तू काच पुसायचीस का ग आत्या?”

“रोज संध्याकाळी. मग? रामाचं नाव ते. तसंच ठेवलं तर कुणाचा धक्का लागेल, कुणाचा ओला हात. कागदावर रामनाम लिहिलं की आपण गंगेत सोडतो ना, तसं मी ते सोडायची. गंगेच्या पाण्यात फडकं भिजवायचं आणि काच वरपासून खालपर्यंत चांगली निथळेपर्यंत पुसायची. अजून पुसते. साबण नाही हं लावला कधी. नावाला साबण लावतात होय?”

मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं. किती दिवसांनी येत होतं. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. आत्याने सतरा संध्याकाळी रामनामाचं विसर्जन केलं होतं आणि एक रेघही पुसली नव्हती.

सातव्या दिवशी ते दिसलं. मला सर्दी झाली होती. आत्याने पातेलंभर पाणी उकळून त्यात ओव्याची पानं टाकली आणि ते पलंगाशी स्टुलावर आणून ठेवलं. “डोकं झाक आणि वाफारा घे,” ती म्हणाली. मी पंचा डोक्यावर घेतला. चारपाच श्वास घेतले असतील, तोच तिच्या हातातलं झाकण खाली पडून गरगरत गेलं.

“कालिंदी! कालिंदी, बघ!”

मी पंचा काढला. खालची अर्धी काच पांढरी झाली होती आणि त्या पांढऱ्यावर रेघा होत्या. लांब, आडव्या, किंचित वाकलेल्या, एकीवर एक. कुणीतरी आत्ताच, आमच्यादेखत, आतून फिरवल्यासारख्या. एका टोकाला उभा दांडा. अंगावर काटा आला. त्यामागचं कारण मला पाठ होतं, आणि तरी आला. रेघा जिवंत माणसाच्या हाताच्या रुंदीच्या होत्या.

“रा,” आत्या कुजबुजली. “रा दिसतोय. तो कानाच ना?” तिने हात जोडले. “दादा, आलास का रे?”

मी जवळ जाऊन बघेपर्यंत कडेकडून काच काळी होत आली. रेघा बारीक होऊन विरल्या.

संध्याकाळी वेणीमाधव त्याच्या बिऱ्हाडाहून आला तेव्हा आत्याने सगळं ठरवून टाकलं होतं. आता काचेला कुणी हात लावायचा नाही, तिनेसुद्धा नाही. अकराव्याची शुद्धी झाली की बालाजी घाटावरच्या प्रेमलाकाकूंना आणि त्यांच्या भजनातल्या बायकांना दर्शनाला बोलवायचं. मग सुताराकडून काच काढून घ्यायची, चौकट करायची, देवघरात ठेवायची.

“चौकट?” वेणीमाधव म्हणाला. “मामांची? देवघरात? आई, ते उठून बसतील.”

“बसू देत.”

“ताई, तू तरी बोल. भाप लगी, दिख गया. यात चमत्कार काय?”

आत्या माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत अशी विनवणी होती की मला माझे डोळे दुसरीकडे वळवावे लागले. सतरा दिवस तिने त्यांचं हगणंमुतणं काढलं होतं. त्या सतरा दिवसांतलं तिच्याकडे हे एवढंच उरलं होतं. माझ्याकडे तर तेवढंही नव्हतं.

पुढच्या चार रात्री मी त्या काचेकडे तोंड करून झोपले. धुकं गंगेवरून वर येई, खिडकीच्या फटीतून आत येई. कधी पहाटे काचेच्या खालच्या कोपऱ्यात पांढरं साचे आणि त्यात बोटाचं एखादं टोक दिसे. फक्त टोक. मी श्वास रोखून बघे. आत्या दिव्याशी जागीच असे. “झोप,” ती म्हणे. “तो काही करत नाही.”

अकराव्याला सकाळी शुद्धी झाली. यज्ञेश्वर भटजींनी सगळ्या घरात पंचगव्य आणि गंगेचं पाणी शिंपडलं, अलमारीवर जरा जास्तच, कारण आत्याने त्यांना सांगितलं होतं. मग ते वेणीमाधवला घेऊन घाटावर पुढच्या विधीला गेले. आत्या जेवून बालाजी घाटाकडे निघाली. “बायकांना घेऊनच येते. तू पाणी उकळत ठेव,” तिने बजावलं, “पण मी आल्याशिवाय वाफ सोडू नकोस.”

जिन्यावरची तिची पावलं खाली गेली तशी मी स्टोव्ह पेटवला.

दोन पातेली केली. एक उजवीकडे, एक डावीकडे. खिडकी लावली. काच हळूहळू भरत गेली आणि मी बाबांच्या पलंगावर बसून वाट बघत राहिले. मला माझीच लाज वाटली. चाळीस वर्षांची बाई, बापाचं पत्र वाचायला बसलेली.

सगळी काच पांढरी झाली.

अक्षर नव्हतं. एकही नव्हतं. मी उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, खाली वाकून उजेडाच्या विरुद्ध पाहिलं. जे आत्याला रा वाटलं होतं आणि मला कदाचित दुसरं काही वाटलं असतं, ते हात होते. तळव्याची टाच, चार बोटं, आणि त्यांच्यामागे ओढत गेलेला फराटा. पुन्हा तळवा, पुन्हा फराटा. शंभरेक असतील. सगळे एकाच उंचीवर, सगळे पलंगाच्या उशाकडून पायथ्याकडे. लिहिणारा माणूस हात उचलतो, ओळ बदलतो, अक्षरामागून अक्षर लावतो. हा हात काचेवर दाबून एकाच दिशेला रेटलेला होता.

ते लिहीत नव्हते. ते काच सरकवत होते.

मी उठले आणि त्याच जागी माझा तळवा ठेवून काच पायथ्याकडे ढकलली. ती हलली नाही. दोन्ही हातांनी ढकलली. नाही. खाचेत बोट घालून ओढावी, तर खाच पलीकडच्या टोकाला, पलंगावरून हात पोचणार नाही अशी. मी खाली बसले आणि दोन काचा जिथे एकमेकींवर चढतात तिथे डोळा लावून पाहिलं. मधल्या फटीत पाणी होतं. केसाइतका पातळ थर, वरपासून खालपर्यंत. खोबणीतही पाणी, खोबणीचं लाकूड फुगलेलं.

हिरव्या शाईतलं ते पान मला तसंच्या तसं आठवलं. मुलांनो, दोन काचांचे तुकडे घ्या, मध्ये एक थेंब पाणी सोडा आणि दाबा. आता वेगळे करून दाखवा. पाणी या काचेलाही धरतं, त्या काचेलाही धरतं, आणि स्वतःलाही सोडत नाही.

मग सगळं एकामागून एक उलगडत गेलं, आणि मला ते थांबवता येईना. रोज सकाळी आत्या त्यांच्या हाताला तेल लावायची. तेलकट तळवा काचेला पकडू शकत नव्हता, नुसता घसरत होता. रोज संध्याकाळी ती गंगेच्या पाण्याने काच निथळेपर्यंत पुसायची. ते पाणी फटीत उतरून दोन काचांना आणखी घट्ट धरत होतं. तेल तिने मायेने लावलं, पाणी भक्तीने. या दोन्हींच्या मध्ये माझा बाप, ज्याला यातलं प्रत्येक बल नावानिशी ठाऊक होतं, अर्ध्या शरीराने सतरा दिवस एक काच रेटत होता आणि तोंडातून ‘उघड’ एवढा शब्द निघत नव्हता. तिने विचारलं, राम लिहितोस ना? आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी त्यांच्या टेबलाच्या खणातून टिपकागद काढला. त्याच्या लांब पट्ट्या कापल्या आणि वरून फटीत सोडल्या. पाणी कागदात चढू लागलं. एक पट्टी भिजली की दुसरी. अर्धा तास गेला असेल. मग खोबणीत सुरी फिरवली आणि काच पायथ्याकडे लोटली. ती बारीक कुरकुरली आणि चार बोटं सरकली, मग वीतभर.

उघडलेल्या जागेत पुस्तकांच्या पुढे, कडेलाच, त्यांचं चष्म्याचं घर होतं. इतके दिवस ते काचेतून दिसतच होतं; मी फक्त काचेकडे बघत होते. आत चष्मा.

बाबांचा नंबर उणे नऊ होता. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःच्या चपला सापडत नसत. पहिल्याच दिवशी, तोंड वाकडं झालं, चष्मा नाकावर ठरेना, तेव्हा आत्याने तो त्याच्या घरात घालून अलमारीत नीट ठेवून दिला असणार. फुटू नये म्हणून. आणि तिने तो ठेवताना ते बघत असणार.

मी पलंगावर बसले. त्यात माझ्यासाठी काही नव्हतं. निरोप नाही, राग नाही, क्षमा नाही. माणसाला दिसत नव्हतं, त्याला चष्मा हवा होता.

मग लक्षात आलं की आत्या येईल, बायका येतील, वाफ सोडतील आणि दहा डोळे या काचेकडे बघतील. कुणीतरी म्हणेल, अगबाई, हे तर हात आहेत. आत्या काही खुळी नाही. चष्मा कुणी आत ठेवला हे तिला दुसऱ्या क्षणी आठवेल. तेल कुणी लावलं, पाणी कुणी लावलं, हे तिला कुणी रसायन न शिकवताही कळेल. ती अडुसष्ट वर्षांची आहे, आणि तिला हे उरलेली सगळी वर्षं पुरेल.

चष्म्याचं घर मी माझ्या पिशवीत तळाशी घातलं. स्वयंपाकघरातून धुण्याचा सोडा आणि साबणाचा चुरा आणला, उकळतं पाणी एका पातेल्यात ओतून कालवलं, आणि फडकं बुडवलं. साबणाचा रेणू एका टोकाने तेलाला धरतो आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला. म्हणून तो तेल घेऊन जाऊ शकतो. हेही त्या चव्वेचाळीस पानांत होतं. पहिला हात फिरवला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. हातांचे ठसे होते ते. दुसरे आता कुठेच नव्हते.

एक काच धुऊन झाली होती, कोरड्या फडक्याने पुसत होते, तेव्हा जिन्यावर आत्याचा आवाज आला. “चढा सावकाश, घाई नाही, प्रेमलाचे गुडघे...” आणि ती पुढे होऊन आत आली.

तिने फेस पाहिला. बादली पाहिली. काच पाहिली, लख्ख, पलीकडची पुस्तकांची नावं वाचता येतील अशी.

“काय केलंस?”

“घाण झाली होती आत्या. शुद्धीचा दिवस. म्हटलं धुऊन काढावी.”

“साबणाने?”

“हो.”

ती खाली बसली नाही, ओरडलीही नाही. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, “बापाचीच लेक. त्यालाही रामाचं नाव घरात नको होतं, तुलाही नको. पण त्याने शेवटी लिहिलं होतं. तू पुसलंस.”

“हो.”

“तू होतीस कुठे? तुला काय माहीत त्याने काय भोगलं?” आता तिचा आवाज चढला. “आम्ही बघितलंय. दारात कुणी उभं राहिलं की कसं तोंड उजळायचं त्याचं! प्रेमला आली, वेणीची बायको आली, दूधवाली आली तरी. डोळे बारीक करकरून बघायचा, हा डावा हात उचलायचा. आणि माणूस पलंगापाशी आलं, नीट दिसलं, की मान भिंतीकडे. दर वेळी. दर वेळी! दूधवालीलासुद्धा वाईट वाटायचं, म्हणायची, बाबूजी हमसे नाराज हैं. मी म्हटलं, नाही ग, त्याला आता माणसं नको झालीत. त्याला रामच हवाय.”

माझ्या हातातल्या फडक्यातून पाणी माझ्या पायावर गळत होतं.

“जवळ आल्यावर मान फिरवायचे?” मी विचारलं.

“जवळ आल्यावर. दारात असेपर्यंत नाही.”

बाहेर दम खात बोलणाऱ्या बायकांचा आवाज आला. आत्याने डोळे पुसले आणि वळली. “या,” ती म्हणाली, “पण बघायला आता काही नाही. हिने पुसलं.”

मी मान वर केली. पलंगाशी मी उभी होते आणि दारात त्या तिघी येऊन थांबल्या होत्या, साड्यांवर शाली घेतलेल्या, मागून गल्लीतल्या धुक्याचा पांढरा उजेड. चेहरे दिसत नव्हते. त्यांतली कुठलीही मी असू शकले असते.